दसऱ्याच्या दिवशी न वाचलेला कागद

२००५ च्या दसऱ्याला कर्जाचा दलाल यतीन याच्या हातून सोनं घेतलेल्या अ‍ॅशबर्नमधल्या चार घरांनो, हे मृत्युपत्र तुमच्यासाठीही आहे. आपण पाच कुटुंबांनी एकाच दिवशी, एकाच माणसाने पुढे केलेल्या कागदांवर न वाचता सह्या केल्या. आज पाचही घरं लिलावाच्या दारात आहेत, आणि मराठी मंडळात भेटलो की आपण हवापाण्याच्या गप्पा मारतो.

मी, उल्हास मनोहर धारप, वय एकसष्ट, हे शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे असं डॉक्टर म्हणतात. हृदयाची त्यांना खात्री नाही, म्हणून मंगळवारी ते उघडून बघणार आहेत. यापूर्वीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

कलम १. राहतं घर पत्नी शोभना हिला. ते आमचं की बँकेचं, हे इथल्या, व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाच्या फेडरल कोर्टात ठरायचं आहे. सुनावणी शुक्रवारी, १० ऑक्टोबरला. म्हणून घराबरोबर दाव्यातला माझा हिस्साही तिलाच. शंतनू, बाळा, परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, जस्ट लेट इट गो. रेंटवर राहू." तुझी काळजी समजते. पण आईच्या संमतीशिवाय तडजोडीच्या कागदाला हात लावायचा नाही.

कलम २. घडलं ते असं. जुनं कर्ज फेडून नवं घ्या, हप्ता उतरेल, असं यतीन सांगत होता. राहत्या घरावर असं कर्ज घेतलं की सहीनंतर तीन दिवसांत ते मोडता येतं. ते दिवस उलटल्यावर 'आम्ही मोडत नाही' असा शेवटचा कागद सही करायचा असतो. यतीनने तोही त्याच बैठकीत, पुढची तारीख घालून, सही करून घेतला. टेबलावर सरस्वती मांडलेली. इथे आपटा कुठला. त्याने आमच्याच अंगणातल्या रेडबडच्या झाडाची, आपट्यासारखी दिसणारी पानं तोडली, "सोनं घ्या काका, सोन्यासारखे राहा," म्हणत वाकून नमस्कार केला. मी चष्मा शोधू लागलो.

"सणाच्या दिवशी त्याचे कागद तपासणार?" शोभना कुजबुजली. "बरं दिसतं का ते?"

दोष तिचा नाही, चष्मा माझा होता. वीस वर्षं मंडळाच्या व्यासपीठावरून 'वाचा, विचारा' असं गर्जणारा मी, सोनं देणाऱ्याचा कागद वाचायला लाजलो. दोन वर्षांत हप्ता दुप्पट झाला.

कलम ३. त्या दिवशीचा फोटो सुनावणी होईपर्यंत आमची वकील रुचा हिच्या ताब्यात राहावा. तिने विचारलं होतं, "काका, दोन्ही पेपर्स सेम डे साइन केले? प्रूफ आहे?" शोभनाने अल्बम आणला. फोटोत सरस्वती, पानं आणि पुढच्या तारखेच्या कागदावर माझा हात. रुचा म्हणाली, "मावशी, हा फोटो कोणालाही देऊ नका. मला सोडून."

कलम ४. पुस्तकं मंडळाला, कपाटासकट. कर्जाच्या कायद्याची लाल खुणा केलेली प्रत शंतनूला. गॅरेजमधली हत्यारंही त्यालाच. एकही वापरता येत नाही, शिकावं.

कलम ५. यतीनला, पुस्तकात जपलेलं ते वाळकं पान. आमच्याच झाडाचं होतं, तरी परत करतो. माझ्या शोकसभेला तो आला तर अडवू नये. माईक मात्र देऊ नये.

शेवटचं कलम चार घरांसाठी. रुचा सांगते, अशी फसवणूक झाली असेल तर मोडण्याचा हक्क तीन दिवसांचा न राहता तीन वर्षांचा होतो. आम्ही आमचं पत्र जुलैतच पाठवलं. तुमची तीन वर्षं १२ ऑक्टोबरला भरतात, आणि त्या दिवशी रविवार आहे. लाज मीही दोन वर्षं बाळगली. तिने एकही हप्ता फेडला नाही. आज कपाट उघडा, पुढच्या तारखेचा तो कागद काढा, आणि उशिरात उशिरा शनिवारी, ११ तारखेला, कर्ज मोडत असल्याचं पत्र रजिस्टर पोस्टाने बँकेला पाठवा.

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया. रविवार, २८ सप्टेंबर २००८. तारीख आजचीच आहे.

(सही) उल्हास मनोहर धारप

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली:
१. लता गोडबोले
२. श्रीराम नाडकर्णी, चार घरांपैकी एक. चष्मा लावून, शेवटपर्यंत वाचून सही केली.