रिकाम्या गाडीचं वजन

१४ ऑक्टो. ९७, सांगली
कारखान्याच्या ऊसकाट्याचा प्रोग्राम झाला एकदाचा. काट्यावरून वजन वाचणारा वेगळा भाग, म्हणजे लायब्ररी माझी, गाड्यांची नोंद आणि पडदा जोडीदार सुधीरचा. त्याची साताऱ्याहून फ्लॉपी आली, दोन्ही जोडलं, जोडणी करणाऱ्या लिंकरनं हूं की चूं केलं नाही. काम तात्यांच्या शब्दावर मिळालंय. सख्खे चुलते, त्यात त्याच कारखान्याला ऊस घालणारे. चुकायची सोय नाही. चुकणार नाहीच म्हणा.

१७ ऑक्टो.
चाचणी. फजिती. तात्यांनीच गाडीभर ऊस आणलेला. भरली गाडी काट्यावर आणि पडद्यावर ऊस शून्य. गाडीवान म्हणाला, आमचा ऊस वाऱ्यानं उडाला व्हय? सगळे हसले. तात्यांनी मला बाहेर नेलं. "काटा मारत्यात म्हणून लोकं आधीच बोंबलत्यात. त्यात ह्यो माझ्या पुतण्याचा काटा. गावात तोंड दाखवू कसं?" फार लागलं.

१८ ऑक्टो.
लायब्ररी एकटी चालवली, वजन चोख. सुधीरच्या प्रोग्रामला जोडली की शून्य. म्हणजे भानगड जोडण्यातच.
दुपारी सापडली. त्याच्या फंक्शनचं नाव vajan. माझ्याही! त्याचं रिकाम्या गाडीचं नोंदलेलं वजन देतं, माझं काट्यावरचं. सगळं एका गठ्ठ्यात बांधलं असतं तर लिंकर ओरडला असता. लायब्ररी वेगळी म्हणून गप्प. चालताना मुख्य प्रोग्रामातलं नाव आधी सापडतं, माझी लायब्ररीही त्यालाच हाक मारते. रिकाम्यातून रिकामं वजा, बाकी काय राहणार.

१९ ऑक्टो.
सुधीर म्हणतो, नाव बदलू, मिटलं. बदलूच. पण उद्या इथं जो बसेल तोही vajan च लिहिणार, दुसरं काय लिहील? म्हणून लायब्ररी लिंकरचा -Bsymbolic हा पर्याय लावून पुन्हा बांधली. आता तिची हाक तिच्या घरातच ऐकली जाते. सुधीरच्या फंक्शनचं नाव मुद्दाम जुनंच ठेवून पाहिलं. ऊस दिसला! झकास.

५ नोव्हें.
मोळीपूजन. हंगामाची पहिली गाडी तात्यांची. येताना माधवनगरच्या खाजगी काट्यावर वजन करून आलेत. मी म्हटलं, घरच्या माणसावरबी भरोसा न्हाई का? म्हणाले, "हाय की. म्हणून तर चारचौघांच्या देखत जुळवायचं."
मी निवांत आहे. बराचसा.
नारळ फुटला. बैल काट्यावर चढतायत. सगळे पडद्याकडं बघतायत, तात्या माझ्याकडं.