कोल्ड रूममधला अबोला

२ जून
पहिल्याच नोकरीत स्वतंत्र खोली मिळाली. भाज्या गोठवून विकणारा कारखाना आहे. कामगारांचं मन ओळखून त्यांना कामाची गोडी लावायची, हे माझं काम. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, घरात तुझं मांजर ऐकत नाही, तिथे कोण ऐकणार? माझ्या खिडकीतून मटार निवडणाऱ्या बायकांचं लांबलचक टेबल दिसतं आणि पलीकडे कोल्ड रूमचं जाडजूड दार. मोठे साहेब स्वतः सगळं फिरून दाखवायला आले. माणूस बोलायला मोठा गोड.

५ जून
साहेबांचा ठाम सिद्धांत आहे: माणूस मुळात कामचुकार. पगार कापला तर चार दिवस कुरकुरतो, पण माणसं तुटली की सुतासारखा सरळ होतो. म्हणून चूक करणाऱ्याशी आठवडाभर कुणी बोलायचं नाही. मी म्हटलं, मानसशास्त्रही तेच सांगतं. कळपातून तोडलेल्या माणसाला मार लागल्यासारखंच दुखतं. साहेब इतके खूश झाले की मलाही मूठभर मांस चढलं. टेबलावरची मुकादमीण मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती.

९ जून
मुकादमीण आज आपणहून बोलली. तिची धाकटी जाऊ याच टेबलावर होती. तिच्यावर अबोला चालू असतानाच ती कोल्ड रूममध्ये अडकली. दार आतून उघडायची मूठ मोडलेली होती. तिने दार बडवलं, ते सगळ्यांनी ऐकलं. साहेब तिथेच उभे होते. म्हणाले, "हात चालू ठेवा. जबाबदारी माझी."
"आणि बाई, आम्ही हात चालू ठेवले," मुकादमीण म्हणाली. "संध्याकाळी दार उघडलं तेव्हा ती गेलेली होती."

१० जून
साहेबांना तोंडावर सांगितलं, अबोला बंद करा, ती मूठ आजच्या आज बसवा. ते नुसते हसले. दुपारपासून माझ्याशी कुणी अवाक्षर बोललेलं नाही. फाटकावरचा पहारेकरीसुद्धा माझ्या आरपार बघत होता.

१३ जून
पुस्तकात वाचणं वेगळं, भोगणं वेगळं. आपण आहोत की नाही, असं वाटायला लागतं. जेवणाच्या सुट्टीत कोल्ड रूमच्या दाराला पाठ टेकून बसले होते. आतून कुणीतरी हळूच विचारलं, जेवलीस का गं? उघडून पाहिलं, तर आत मटारांची पोती फक्त. तरीही मी उत्तर दिलं. माझ्याशी बोलणारं दुसरं होतं कोण?

१५ जून
ती, मुकादमिणीची जाऊ, रोज बोलते. थंडीत आधी बोटं बधिर होतात, म्हणते, मग भीती. राग शेवटपर्यंत ऊबदार राहतो. माझाही आहे. तिला एकच हवंय. मलाही तेच.

१६ जून
टेबलापाशी उभी राहून सगळ्यांना ऐकवलं: आजपासून अबोला साहेबांवर. "जबाबदारी माझी."
मुकादमिणीने मान डोलावली. बायका जणू याच शब्दांची वाट बघत होत्या. साहेब हाका मारत, दरडावत, शेवटी विनवत फिरले. कुणी वळून पाहिलं नाही. काळजाला गार वाटलं.

१८ जून
आज साहेब कोल्ड रूममध्ये गेले. तिने हाक मारली, आणि त्यांना हाक मारणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं. दार लागलं. त्यांनी बडवलं, बराच वेळ. आम्ही हात चालू ठेवले. मीही मटार निवडत होते.

२० जून
पोलीस अपघात लिहून गेले. नवी मूठ बसली. तरी आज मुकादमीण आत गोठून मेलेली सापडली — दार आतून उघडत होतं. तिने उघडलंच नाही. जावेशेजारी बसावं तशी बसली होती, म्हणतात.

२१ जून
दाराशी जाऊन आतल्या जावेला म्हटलं, पुरे आता. म्हणाली, ज्यांनी ज्यांनी ऐकलं ते सगळे. मी म्हटलं, तुझ्या वेळी मी नव्हतेच — तेव्हा आतून साहेब बोलले. गोड आवाजात. माझ्या वेळी होतीस ना?

२३ जून
नोकरी सोडून आईकडे आले. इथे तरी —
आई समोर बसलीय. मी केव्हाची बोलतेय. तिने एकटीपुरतंच ताट घेतलं.

२४ जून
आई, बघ ना इकडे. एकदा हो म्हण —
स्वयंपाकघरातून हाक येतेय. त्याच गोड आवाजात, माझ्या नावाने. किती दिवसांनी कुणीतरी नाव —
जायचं नाहीये. पाय गार पडलेत, पण