वाळुंजाची छडी

मारेइके विहीणबाई यांना मोराव्हियाहून अलोइसचा नमस्कार.

तुम्ही सोमवारी तडकाफडकी हॉलंडला परत गेलात. जूनमध्ये मुलांचं लग्न आहे. ते मोडणार तर नाही ना?

ईस्टरच्या सोमवारी आमच्याकडे पुरुष वाळुंजाच्या लवचिक फांद्यांची छडी विणून बायकांच्या पोटऱ्यांवर हळूच मारतात. त्याने बाई वर्षभर टवटवीत राहते, म्हणून ती मारणाऱ्याला रंगवलेलं अंडं देते. तुम्हाला वगळणं म्हणजे अपमानच. फक्त तुम्ही दात घासत होतात, एवढं मी बघायला हवं होतं.

तुमच्या किंकाळीने मीही हबकलो. आमचा ऑताकर ओरडला, "बाबा, आधी सांगायचं तरी!" शेजारची व्लास्ता मात्र उलट रुसली. "परक्या बाईला पहिला मान! आणि मी दुपारपर्यंत दारात ताटकळले. मी वाळून गेले तरी चालेल ना?"

सोमवारपासून मी सपाता घालून घरातच बसलो होतो. आत्ता या माफीच्या पत्रासाठी पाकीट आणायला निघालो, बुटात पाय घातला, तर आत काहीतरी फुटलं. अंडं! ना उकडलेलं, ना रंगवलेलं. विहीणबाई, हे रीत म्हणून ठेवलंत की रागाने?

व्लास्ता कुंपणापलीकडून म्हणाली, "राग असता तर दोन्ही बुटांत ठेवलं असतं."

मला पटलं. मग माफी कशाला? पत्र टाकत नाही. लग्नाला तुम्ही याल हे नक्की. मी बूट झटकून घालीन.

एका पायात ओला मोजा असलेला,
तुमचा होणारा व्याही
अलोइस