उतरलं म्हणजे गेलं कुठे?

परळ, मंगळवार, संध्याकाळ

दुपारी एका गिरणी कामगाराचा निखळलेला खांदा बसवायला मी शिरेतून पेंटोथलची भूल दिली. दहा मिनिटांत तो उठून बसला. "उतरला सगळा, डाक्टर. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेक जातंय." मीही म्हटलं, उतरलं, जा. जाताना त्याने डाव्या पायात उजवी चप्पल घातली. मी हसले.

उतरलं म्हणजे काय, दारूसारखं? औषध मेंदूतून निघून स्नायूंत गेलं, आता चरबीत मुरेल आणि उद्यापर्यंत अंगात गुंगी ठेवेल. हे मीच विद्यार्थ्यांना शिकवते, आणि तिथे मात्र त्याचाच शब्द उचलला.

ती चप्पल. सभेत लाठी चालली तर पळायचं सुचेल त्याला?

खिडकीखालून घोषणा देत लोक परतताहेत. मी केव्हाची त्यांचे पाय बघतेय.