केळीखालचं जुळं

३ मार्च १९३४

बाळंतिणीची वार जाळायची! सरकारी डॉक्टरसाहेबांनी आज स्वच्छ सांगितलं. आमचं प्रसूतिगृह पडलं खासगी, मिशनचं. सरकार फुकट पैसे देत नाही. मागे भट्टी बांधा, प्रत्येक वार जाळा, पुरायला कुणाच्या हातात देऊ नका – तरच अनुदान. "माशा आणि रोग, एसेझा," एवढंच मला म्हणाले. त्यांना काय कप्पाळ सांगू? वार म्हणजे बाळाचं जुळं भावंड. मुलगा झाला तर दारू गाळायच्या केळीखाली, मुलगी झाली तर मटोक्याच्या, म्हणजे शिजवून खायच्या केळीखाली, आजीने आपल्या हाताने पुरायचं. जाळतात असं कळलं तर एक बाई इथे पाऊल टाकणार नाही.

आणि अनुदान गेलं तर दाराला कुलूप. माझी सख्खी बहीण लाकेरी घरीच बाळंत झाली, रक्त थांबेना, गेली. कुलूप मी लागू देणार नाही.

७ मार्च

पहिली जाळली. दमालीला मुलगा झाला. तिची सासू दारात हात पसरून उभी – "आण गं पोरी, माझं दुसरं नातवंड!" मी केळीच्या पानात बांधून दिलं. आत बकऱ्याची कलेजी. म्हातारीने ते छातीशी धरलं आणि त्याच्याशी बोलत बोलत घरी गेली. देवा!

८ मार्च

बाजारातून आणखी कलेजी आणून ठेवली.

२१ एप्रिल

कासीम खाटकाने आज भर बाजारात विचारलं – "सिस्टरबाई, सारखी कलेजी! घरात बिबट्या पाळलाय की काय?" पोटावर हात ठेवून म्हटलं, डोहाळे लागलेत. तेही खोटं नाही, पाचवा चालू आहे. बायका खदखदून हसल्या. मी पुडकं उचलून वाट धरली.

३० मे

दमालीचा मुलगा रडायचा थांबत नाही. दूध भरपूर, अंगात ताप नाही. मी जाऊन तपासून आले. सासू म्हणाली, "त्याला त्याचं भावंड सापडत नाहीये. मी तर रोज झाडापाशी बसते, हाका मारते. काय चुकलं गं माझं?" मला ते झाड दाखवायला नेलं. चांगलं तरारलंय. मला तिथे उभं राहवेना.

मी बायबल वाचलेली, प्रमाणपत्र मिळवलेली. पण भर दुपारी भट्टीजवळून जाताना रडणं ऐकू येतं. एकाचं नव्हे, पुष्कळांचं. आमची दुसरी नर्स मिरिका – आता जाळणं, पुडकी बांधणं तीच करते. तिला विचारलं, तुला येतं का गं ऐकू? म्हणाली, "मी मोठ्याने गाणं म्हणत जाते, ताई."

१२ ऑगस्ट

माझ्या सासूबाई राहायला आल्यात. मुलगा-मुलगी, दोन्हींसाठी केळी निवडून झाल्यात, आळीही करून ठेवलीत. "दहा वर्षं वाट पाहिली गं," म्हणाल्या आणि रडल्या.

मिरिकाला एकटीला गाठलं. म्हटलं, माझी खरी द्यायची. एकच. साहेबांना कोण सांगतंय? तिने हात धरून शपथ घेतली. मला लाज वाटली. बाकीच्यांना विचारलं असतं तर त्यांनीही हेच मागितलं असतं. लाज वाटली तरी शब्द मागे घेतला नाही.

४ सप्टेंबर

पहाटेपासून कळा. आणि साहेब तपासणीला येणार ते आजच! आजच!

५ सप्टेंबर

मुलगी झाली.

सासूबाई पुडकं घेऊन नाचत गेल्या, पुरून आल्या. मिरिका खाटेपाशी येईना. शेवटी आली, मान खाली – "साहेब भट्टीपाशीच उभे होते, ताई." अनुदान मंजूर करून गेले म्हणे.

सासूबाई डोळे पुसताहेत माझे. "वेडी का गं तू, रडतेस काय? बघ, मी नीट पुरलं ना?"

हो म्हटलं.