जो हलला तो उतरला

२ एप्रिल

स्टुडिओच्या मॅडमनी शॉट परत पाठवला. "घोडा उभा आहे, पण मेलाय." हैदराबादला बसून यांना माझा मेलेला घोडा दिसतो. दिसणारच म्हणा. एकच चित्र पडद्यावर धरून ठेवलं की त्यातला जीव जातो. जिवंत ठेवायचं तर तेच चित्र दोन-तीनदा गिरवायचं आणि आळीपाळीने दाखवायचं. दोन रेघा कधीच तंतोतंत सारख्या येत नाहीत, म्हणून रेघ थरथरते आणि उभा घोडा श्वास घेतो. आमच्या ॲनिमेशनच्या धंद्यात याला 'बॉइल' म्हणतात.

गिरवायला बसले. लगेच उठले. पाणी, गॅलरी, पुन्हा पाणी. आई म्हणाली, "बूड टेकत न्हाय बघ. आप्पाची पोर म्हणून कोण वळखंल हिला?"

कारण आप्पा म्हणजे गल्लीच्या चित्ररथावरचे खिंड लढवणारे वीर. दरवर्षी शिवजयंतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर दोन्ही हातांत तलवारी उगारून उभे राहतात आणि हलत नाहीत. मला आठवतं तेव्हापासून. एरवी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ओतकामाचे साचे करणारे मोल्डर होते, आता रिटायर.

मंडळाचे बाळूकाका येऊन सांगून गेले. यंदाही खिंडच. मिरवणूक एकवीसला.

४ एप्रिल

ठरलं. एक मिनिटाची स्वतःची फिल्म करायची. दुसऱ्याचे घोडे पुरे. विषय: आप्पा उभे आहेत. बस.

गच्चीवर व्हिडिओ घेतला. आप्पांनी समोरच्या विजेच्या खांबावर नजर लावली, गुडघे जरासे सैल सोडले, लाकडी तलवारी वर. मी कॅमेऱ्यामागे चुळबुळतेय आणि हा माणूस तिथेच. मच्छर आला, गेला. शेजारचं पोर वाकुल्या दाखवून दमलं.

नियम त्यांचाच आहे. जो हलला तो उतरला. पुढच्या वर्षी त्याला ट्रॉलीवर जागा नाही. बाळूकाका पूर्वी शेजारी भाला घेऊन उभे राहायचे. भर चौकात नाकावर माशी बसली, नाक हललं. आप्पांनी त्यांना उतरवलं ते उतरवलंच. तेव्हापासून काका मंडळाचा कारभार बघतात आणि ती माशी अजून विसरलेले नाहीत.

५ एप्रिल

व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत चित्रं काढायला घेतली. डाव्या तलवारीचं टोक जागेवर नाही. या फ्रेममध्ये इथे, पुढच्या फ्रेममध्ये केसभर खाली, मग पुन्हा वर.

वाटलं माझाच हात हलला असेल. पण मागचा कठडा स्थिर आहे. उजवी तलवार स्थिर आहे.

कॉम्प्युटर बंद केला. परत चालू केला. टोक हलतंच आहे.

६ एप्रिल

दिवसभर आप्पांच्या डाव्या हाताकडे बघत बसले. चहा पिताना तो मांडीखाली. पेपर वाचताना पेपर टेबलावर पसरलेला. फोन उजव्या हातात, बटणंही उजव्याच अंगठ्याने. म्हणजे यांना माहीत आहे. कधीपासून? माझ्यासमोर रोज चाललंय आणि मी घोड्याचे कान हलवत बसलेय.

काम शून्य. मॅडमचे दोन फोन, उचलले नाहीत.

८ एप्रिल

गच्चीवर गाठलं. "आप्पा, डावा हात..."

"मिरवणूक हू दे."

"आधी दवाखाना."

"आईला बोललीस?"

"नाही."

"बोलू नगं. तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाय म्हणून सांगतोय."

भयंकर राग आला. हात यांचा आणि गप्प मी बसायचं! खाली आले, आईने विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही. तीळ भिजला म्हणायचा.

११ एप्रिल

तलवारींना चंदेरी रंग आणायचा म्हणून दोघं बाहेर पडलो आणि दवाखान्यात गेलो. नर्सने कानडीत वय विचारलं, आप्पांनी कानडीत दोन वर्षं कमी सांगितलं. मी खरं सांगितलं. माझ्याकडे असं बघितलं की बस.

डॉक्टरांनी कोरा कागद दिला. म्हणाले, "चकली काढा. आधी या हाताने, मग त्या." उजव्या हाताची चकली झकास. डाव्या हाताची रेघ मात्र सुरुवातीपासून थरथरत गेली. मी अशी रेघ मुद्दाम काढते, पगार घेऊन.

कंपवाताची सुरुवात वाटते म्हणाले. गोळ्या दिल्या, हळूहळू फरक पडेल. आप्पांचा एकच प्रश्न: "एकवीस तारखेपतोर थांबतंय काय?" डॉक्टर आधी हसले, मग हसायचे थांबले.

येताना रंग खरंच घेतला.

१३ एप्रिल

लपवाछपवी संपली. मंडळात तालीम होती. डावी तलवार थर्माकोलच्या कड्याला लागून टकटक वाजायला लागली आणि सगळ्यांच्या माना वळल्या.

मग बाळूकाका घरी आले. चप्पल काढून दारातच उभे. "आप्पा, कोल्हापुरात फायबरचा पुतळा मिळतोय. तलवारी बसवून देत्यात. यंदाच्यापुरतं..."

आप्पांच्या आधी मीच तोंड उघडलं. "माशीचा सूड उगवताय का, काका?"

काकांचे डोळे भरले. "सूड घ्यायचा असता तर आप्पास्नीच उभं करा म्हणालो असतो गं, वैजू. पाच हजार माणसात हलू दे म्हणालो असतो."

लाज वाटली. त्यात आईसमोर सगळं फुटलं, हा विचार. तर आई ओट्यापाशी पाठमोरी, पोळी लाटत: "मला दिवाळीपासनं म्हाईत हाय. आमटीची वाटी अर्धीच का असत्याय वाटतंय तुमास्नी?"

इतके महिने दोघंही एकाच ताटाशी एकमेकांपासून लपवत होते. मला दोघांवर ओरडायचं होतं. न्हाणीघरात जाऊन रडून आले.

१५ एप्रिल

फिल्म आप्पांना दाखवली. थरथर मी काढून टाकली होती. दोन क्लिक लागतात, मग टोक खिळ्यासारखं स्थिर. वाटलं, खूश होतील.

दोनदा लावायला सांगितली. मग म्हणाले, "ह्यो कोण?"

"तुम्हीच की."

"माझा हात कुठाय?"

"हा काय."

"ह्यो माझा न्हवं. बाळूचा पुतळा हाय ह्यो."

आणि उठून गेले. मी ते दोन क्लिक मागे घेतले. डावा हात सगळा पुन्हा गिरवला, व्हिडिओत आहे तसा, एक फ्रेम न गाळता. चालवून बघितलं. आप्पा श्वास घेतात. मॅडमला आवडेल असं मनात आलं आणि स्वतःचाच राग आला. बापाचा आजार हा माझा चांगला शॉट.

१८ एप्रिल

घरात वाद. मी: वीर जखमी आहे, जखमी माणसाचा हात थरथरणार नाही तर काय होईल? हलू दे की. बाळूकाका: लोक हसतील. आई: उभारू दे, न्हायतर वर्सभर माझं डोस्कं खाईल.

आप्पा: "नियम नियम हाय. बाळूला एक आनि मला एक, असं चालत न्हाय."

"मग पुतळा ठेवा!"

"मी हलल्यावर ठेवा. आधी न्हाय."

पुतळा आलाय. मंडळाच्या पायरीवर प्लास्टिकात गुंडाळून आडवा पडलाय. येता-जाता त्याला लाथ घालावीशी वाटते.

२१ एप्रिल, संध्याकाळ

फोनवर लिहितेय. बसवत नाही, म्हणून उभ्यानेच.

काकतीहून ट्रॅक्टर आला. ट्रॉलीवर खिंड, कडे, सहा मावळे. आप्पांच्या तोंडाला रंग लागलाय. रंग लागल्यावर आमच्यात वीराशी कुणी बोलत नाही, नावाने हाकही मारत नाही. आईने लांबूनच हात जोडले, मग पदराने डोळे टिपले.

पुतळा मागच्या टेंपोत चढवलाय.

बाळूकाकांनी मला रस्त्यावर उभं केलं, जिथे लोक असतात तिथे. "तूच बघ. तुला बारीक दिसतंय. सांग, दिसतंय काय?" आप्पांनी तलवारी उगारल्या. नजर समोरच्या खांबावर. मला दिसत होतं. मला तर कायमच दिसणार. काका दोनदा म्हणाले, "बोल की गं."

तेवढ्यात ट्रॅक्टर सुरू झाला.

अख्खी ट्रॉली थडथडायला लागली. कडे, झेंडा, मावळ्यांचे भाले, दोन्ही तलवारी, सगळंच. आता कुणाचा हात कुठला, काही कळेना. मी मोठ्याने हसले. काकाही डोळे पुसत हसायला लागले. "व्हय गं, व्हय!" म्हणत पळत जाऊन त्यांनी नारळ फोडला. आप्पा हसले नाहीत. ते खांबाकडेच बघत होते.

तिथून ट्रॉलीच्या बाजूने चालतेय. लोक हात जोडतायत. आई पलीकडच्या बाजूने. मधेच आठवलं. मोठ्या चौकात प्रत्येक चित्ररथाला इंजिन बंद करावं लागतं, रेकॉर्डवरचे संवाद ऐकू यावेत म्हणून.

पळत ड्रायव्हरकडे गेले. "चौकात बंद करू नका."

"करायलाच लागतंय, आक्का. सगळ्यास्नी नियम एकच हाय."

मागे बघितलं. काकांनी टेंपोवाल्याला जवळ यायची खूण केली आणि लगेच मान फिरवली. आप्पांची नजर आता पुढच्या खांबावर आहे. पुढचा रथ चौकातून हलला, आमचा आत शिरला. ड्रायव्हरचा हात किल्लीवर गेलाय.