रोज घालायची माळ

३ फेब्रुवारी, मंगळवार

ताईकडून पार्सल. सहा वर्षांत साधा फोन नाही, आणि आज थेट आईची मोत्यांची माळ! आई गेली त्या आठवड्यात याच माळेवरून आमचं फाटलं. ‘आईने मला दिलीय,’ एवढंच ताई म्हणाली होती. मी चप्पल घालून निघून आले होते.

सोबत चिठ्ठी. वर ‘प्रिय’ नाही, खाली ‘तुझी’ नाही.

‘रोज घाल. आधी पावडर, सेंट – मग माळ. काढल्यावर मऊ कापडाने पूस. साबण-पाणी लावू नकोस. टांगू नकोस, आडवी ठेव.’

हे काय आहे? माफी, की नुसत्या सूचना?

४ फेब्रुवारी

नवऱ्याला विचारलं. म्हणे, “दिलीय तर घाल की. त्यात काय एवढं?” याचं सगळंच सोपं असतं.

७ फेब्रुवारी, शनिवार

घातली. माझ्या पार्लरमध्ये दिवसभर स्प्रे, डाय, वाफ – आणि मोत्यांना यातलं काहीच सोसत नाही. मग काय, गिऱ्हाईक बसलं की माळ डब्यात, उठलं की गळ्यात. दुपारपर्यंत सात वेळा झालं. आठवी बाई आरशातून बघत होती. म्हणाली, “घालायचीय की नाही, ते एकदा ठरवा बाई.”

मलाही तेच कळत नाहीये.

८ फेब्रुवारी

चिठ्ठी परत वाचली. पाच वेळा. ‘रोज घाल.’ हुकूम सोडायची सवय काही गेलेली नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

माळ पुसताना एक मोती कापडातून घरंगळला. दोरा तुटला! बाकीचे गाठींनी धरून ठेवले म्हणून बरं. नवरा आणि मी कपाटाखाली रांगत होतो. सापडला. तरी मी तो कितीतरी वेळ मुठीतून सोडला नाही. माळेसाठी? कोण जाणे.

१३ फेब्रुवारी

माळ ओवून घ्यायला पटवेकरी काकांकडे गेले. त्यांनी दोरा भिंगाखाली धरला.

“वापरून दोरा झिजतो. हा झिजलेला नाही, पडून पडून विरलाय. अंगाला लागले नाहीत म्हणून मोतीही कोरडे पडलेत.”

“माझी बहीण घालायची ना.”

“कुणी घातलेली नाही हो,” ते म्हणाले. “निदान पाच-सहा वर्षं तरी.”

मग भांडली कशाला? डोकं चालेना. परतताना घराची गल्ली सोडून पुढे गेले.

१५ फेब्रुवारी, रविवार

शेवटी फोन केला. ‘कशी आहेस’ वगैरे काही सुचलंच नाही.

“ताई, तू माळ कधी घातलीच नाहीस?”

ती म्हणाली, “आईने ती तुझ्यासाठी ठेवली होती गं. शेवटच्या दिवशी मला म्हणाली, धाकटीला दे. मला का नाही, तेच डोक्यात बसलं. खोटं बोलले. मग घालायला गेले की हातच वर जाईना. गेल्या महिन्यात बघते तर मोती कोरडे पडलेले, म्हणून पाठवली.”

“नंतर बोलते,” म्हणून मी फोन ठेवला. आता रागवायचं, की काय करायचं?

१६ फेब्रुवारी

सहा वर्षं नाव ताईचं घेत होते. खरं तर माळ ताईला दिली म्हणून चिडले होते आईवर.

आई गेली तेव्हा डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आज पार्लर उघडलंच नाही.